मापातली भेसळ

आबांनी स्क्रीनवर टॉवेल टाकला की खोलीत कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. टॉवेल सोलापुरी, पिवळ्या चौकटीचा. तो याच कामासाठी ठेवलेला असे आणि त्याला कोणी हात पुसलेले आबांना चालत नसे. गाणं ऐकताना माणूस स्क्रीनवरच्या रेघांकडे बघत राहतो आणि रेघ उंच झाली की त्याला आवाज सुधारल्यासारखा वाटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. "डोळा मध्येमध्ये बोलतो," ते म्हणत. "त्याला आधी गप्प करायचं, मग कानाला विचारायचं."

मी धुळ्याला देवपुरात राहतो आणि एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासतो. फॅट, एसएनएफ, पाणी, युरिया, स्टार्च, एवढं मला कळतं. संगीतातलं काही कळत नाही. आमच्या घराच्या तळमजल्यावर मागच्या बाजूच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आबा त्या बघायला आले तेव्हा नळाला पाणी कधी येतं, मीटर वेगळं आहे का, असलं त्यांनी काही विचारलं नाही. मोठ्या खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवली, कोपऱ्यात जाऊन पुन्हा वाजवली, आणि म्हणाले, "खोली चौरस नाही. चांगलं आहे." चौरस खोलीत ठरावीक सूर उगीच फुगतात, हे मला पुष्कळ नंतर समजलं. त्या दिवशी बायकोने मला आत बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "यांची नीट चौकशी केली आहे ना?"

चौकशीत वावगं काही निघालं नव्हतं. जळगावला एका कॉलेजात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते, मुदतीआधी निवृत्त झाले होते. पत्नी आणि मुलगी जळगावलाच. शनिवारी दुपारी एसटीने ते तिकडे जात आणि सोमवारी परत येत. धुळ्याला का आलात, असं मी एकदा विचारलं.

"जळगावला ऊन फार. इथं नदी आहे."

"पांझरेत पाणी कुठं असतं आबा?"

"नदी आहे म्हटलं मी. पाणी आहे म्हटलं का?"

खरं कारण कामाचं होतं. लग्नाची, हळदीची, कानबाईच्या उत्सवाची अहिराणी गाणी आता मोबाइलवर निघतात आणि लगीनसराईत डीजेवर वाजतात. ती करणारी बरीच मंडळी धुळ्याच्या आसपासची. गाणं कोणीतरी कुठंतरी रेकॉर्ड करून आणत असे. ढोल एका फाइलीत, कीबोर्ड दुसरीत, गळा तिसरीत. ते सगळं एकमेकांत बसवून एक गाणं करायचं, म्हणजे मिक्स करायचं, हा आबांचा धंदा. आणि त्या धंद्यातही त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. त्यांनी हात लावलेलं गाणं कॉम्प्युटरचं वाटत नसे. लोक म्हणत, आबांचा साऊंड गरम असतो.

हा गरमपणा म्हणजे काय, ते त्यांनी मला पहिल्याच महिन्यात समजावलं, कारण मी आकडे विचारत होतो. कॉम्प्युटरमध्ये सूर जसा जातो तसाच बाहेर येतो. जुन्या टेपवर किंवा व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तसं होत नसे. आवाज थोडा जोरात घातला की तो त्यात पुरता मावत नसे, त्याची टोकं दबत, आणि दबताना त्याच सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर त्यात उगवत. शंभरचा सूर असेल तर दोनशे, तीनशे, चारशे. ते वेगळे ऐकू येत नाहीत. आवाज भरल्यासारखा वाटतो, एवढंच. याला सॅच्युरेशन म्हणतात आणि आता तेच कॉम्प्युटरमध्ये मुद्दाम करतात.

"म्हणजे बिघाडच की," मी म्हटलं.

"बिघाडच. पण मापात."

सगळ्या गाण्यावर एकदम तो बिघाड केला तर ढोल आणि गळा एकाच भांड्यात दबतात. ढोल पडला की गळा खरखरतो, आणि दोघांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच सूर तयार होतात, जे कोणत्याच रागात नसतात. म्हणून आबा गाण्याचे चार पट्टे करत. एकशेवीस हर्ट्झच्या खालचा, तिथून आठशेपर्यंतचा, आठशे ते पाच हजार, आणि त्याच्या वरचा. प्रत्येकाला आच, म्हणजे हा मुद्दाम केलेला बिघाड, वेगळी. तळाला थोडी, मधल्याला जास्त, तिसऱ्याला अगदी जपून, आणि सगळ्यात वरच्याला बहुतेक वेळा शून्य. वर आच लागली की गाणं कानाला टोचतं.

हे ऐकलं की आलेला प्रत्येक माणूस एकच म्हणत असे: "म्हणजे आपलं भरीत हो आबा. गॅसवरचं वेगळं आणि काड्यांवरचं वेगळं." या वाक्यावर आबा वैतागत. मी ते स्वतः पुष्कळ वेळा पाहिलं आहे. "धूर बाहेरून लागतो," ते म्हणत. "हे वांग्यातूनच निघतं. नसलेलं यात वाढत नाही." समोरचा माणूस मान डोलावे आणि पुढच्या खेपेला पुन्हा भरीतच काढे.

मे महिन्यात कोणी येऊन "आबा, साऊंड जरा वॉर्म पाहिजे" म्हणालं, की ते उठून कूलर बंद करत. "बसा. होईल." कूलरच्या आवाजात तसंही काम करता येत नसे, पण तो बंद करण्याची वेळ ते बरोबर साधत.

माझ्या नोकरीवरून आमचं नेहमी चाले. मी भेसळ पकडणारा आणि माझाच भाडेकरू दिवसभर भेसळ करणारा, असं मी म्हणे. ते म्हणत, "तुम्ही टोन्ड दूध विकता त्यात फॅट किती?"

"तीन."

"म्हशीनं तीनचं दिलं होतं का?"

"ते स्टँडर्डायझेशन आहे आबा. पिशवीवर छापलेलं असतं."

"माझंही ऐकू येतं की. लपवतोय कुठं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि तोवर त्यांनी टॉवेल टाकलेला असे.

त्यांची एक सवय मात्र मला मनापासून पटे. सॅच्युरेशन लावलं की आवाज किंचित मोठाही होतो, आणि मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो. म्हणून लावलेलं आणि न लावलेलं यांची तुलना करण्याआधी ते दोन्हींचा आवाज बरोबरीला आणत. "आधी बरोबरीला आणा, मग बोला." आम्ही प्रयोगशाळेत तुलनेसाठी कोरा नमुना ठेवतो त्यातलाच हा प्रकार. नंतर ते मला बटणाजवळ बसवत आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसत. मी मनाला येईल तसं बटण चालू-बंद करायचं, त्यांनी ओळखायचं. "आता आहे. आता नाही. आता आहे." मी कागदावर खुणा करी. चुका फार झाल्या, तर ते उठून त्या पट्ट्याची आच काढून टाकत. "मलाच कळत नाही तर लोकांना कशाला खायला घालू?" आच मला ऐकू येत होती का, असं कोणी विचारलं तर बहुतेक वेळा नाही. कागदावरच्या खुणा मात्र मला दिसत.

माझ्या बायकोला ही आच माझ्याआधी कळली. खालच्या एका गाण्याला वर स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण वाजत असे. सगळ्या गाण्यांना नाही, आणि त्या गाण्यालाही सतत नाही. एके दिवशी ती जिन्यातून ओरडून म्हणाली, "आबा, तुमच्या ढोलाने माझी कढी फुटायची वेळ आली." आबा चपला न घालता वर आले. कढीची चौकशी त्यांनी केली नाही.

"कोणतं झाकण?"

तिने दाखवलं. जर्मनचं, काठाला पोचा आलेलं. आबा खाली गेले, काहीतरी केलं, खालूनच ओरडले, "आता वाजतंय?" नाही वाजत. "आता?" वाजतंय. असं थोडा वेळ चाललं. मग ते पुन्हा वर आले. ढोलाचा सूर साठच्या आसपास होता. झाकण एकशेऐंशीला थरथरत होतं. हा एकशेऐंशी मूळ रेकॉर्डिंगमध्ये नव्हता, आच लावल्यावरच उगवत होता.

"वहिनी, हे झाकण मला द्या."

"आणि भात मी कशाने झाकू?"

"नवीन आणून देतो."

"नवीन नको. मापाचं हवं."

त्यांनी मापाचं आणून दिलं. जुनं झाकण त्यांच्या स्पीकरशेजारी एका खिळ्याला, सुतळीने बांधून, लोंबकळत राहिलं. आलेले लोक त्याला नजर लागू नये म्हणून बांधलंय असं समजत. आबा त्यांचा गैरसमज दूर करत नसत.

ट्रॅक्टरचा प्रकारही मला सांगितला पाहिजे. आमच्याकडे हळदीला, वरातीला, किंवा नुसतंच शेतावर जाताना ट्रॅक्टरवर गाणी लावतात. दोन्ही चाकांवरच्या मडगार्डवर स्पीकर, मागे बेसचा एक मोठा डबा, आणि इंजिन चालूच. आबांचं म्हणणं असं की आपलं गाणं शेवटी जिथं वाजणार तिथं ते ऐकलं पाहिजे. माझा मेहुणा धुळ्यापासून जवळच्या एका गावी शेती करतो. दर गाण्याला आबा मला स्कूटरवर मागे बसवून त्याच्या खळ्यात घेऊन जात आणि ट्रॅक्टर चालू करायला लावत.

"आबा, डिझेल जळी राहिनं," मेहुणा म्हणे. "गानं ऐकाले इंजिन कसाले लागस?"

"लग्नात बंद ठेवतोस का?"

"लगीनमा डिझेल नवरदेवना बापनं ऱ्हास."

पहिल्या वर्षी या हट्टामुळे ते तोंडघशी पडले. एका गाण्यात इंजिनाच्या घरघरीखाली ढोलाचा तळ ऐकू येत नव्हता. आबांनी तळाच्या पट्ट्याला आच वाढवली, पुन्हा ऐकलं, पुन्हा वाढवली. ट्रॅक्टरवर गाणं फर्मास झालं. ज्या दोघा भावांचं ते गाणं होतं त्यांनी ते नेलं, मोबाइलवर टाकलं, आणि आठवड्याने परत आले. थोरला म्हणाला, "आबा, गानं टॅक्टरवर भारी वाजस. पन मोबाइलवर लावं की बायको म्हनस, भोंगा कोना शे?"

मोबाइलच्या बारक्या स्पीकरला ढोलाचा तळ वाजवता येत नव्हता, आचेने उगवलेले वरचे सूरच तेवढे ऐकू येत होते. आबा रागावले नाहीत. दोघांना चहा पाजला आणि काम फुकट पुन्हा करून दिलं. त्या संध्याकाळी मी बसून हिशेब केला. मेहुण्याचं इंजिन तीन सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं. जागेवर उभं असताना मिनिटाला साधारण आठशे फेरे धरले तर सेकंदाला वीस ठोके पडतात. वीस, चाळीस, साठ. म्हणजे ढोलाचा साठ नेमका इंजिनाच्या साठावर येत होता, आणि आबांनी कितीही आच वाढवली तरी ते इंजिनाशीच भांडत होते. मी कागद त्यांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, मग म्हणाले, "हे मला कॉलेजात असताना सुचलं असतं." नंतर थोड्या वेळाने म्हणाले, "कदाचित नसतं." तेव्हापासून ते आधी इंजिन बंद ठेवून ऐकत, मग चालू करून, आणि दोन्हींच्या मधे कुठंतरी थांबत. मेहुण्याचं डिझेलही निम्मं वाचलं.

आता त्या गायकाविषयी. अमळनेरकडचे गृहस्थ. वय पन्नाशीच्या पुढे. सगळे त्यांना भाऊ म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांची हळदीची गाणी वीसेक वर्षं या भागात वाजत आली आहेत. त्यांचा गळा चढा होता. पेटीवर काळी चारमध्ये गात, आणि तार षड्जाला, म्हणजे वरच्या साला, गेले की मंडपातल्या बायका हातातलं काम सोडून वर बघत. मधल्या काळात त्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज पातळ झाला. बोलताना फारसं कळत नसे. वर गेले की सुराऐवजी नुसती हवा येई.

ते आले ते भाच्याला बरोबर घेऊन. भाचा तिशीचा, गाणी मोबाइलवर टाकायचं सगळं काम तोच बघत असे. त्यांनी नवीन गाणं रेकॉर्ड करून आणलं होतं, काळी चारमध्येच. आबांनी टॉवेल टाकला आणि ऐकलं. संपल्यावर टॉवेलाची घडी घातली.

"आबा, तुम्हना हातमा जादू शे असं म्हनतस," भाऊ म्हणाले. "भरा जरा मना आवाज."

आबांनी तीन दिवस मागितले आणि आठ दिवस घेतले. मी रोज संध्याकाळी डोकावत होतो. मधल्या पट्ट्याला आच दिली तर काही फरक पडत नव्हता, कारण तिथं आवाजच नव्हता. वरच्याला दिली तर श्वासाची हवा फुगत होती आणि भाऊ धापा टाकत गातायत असं वाटत होतं. नवव्या दिवशी त्यांनी भाऊंना बोलावून स्पष्ट सांगितलं की हे होणार नाही.

भाच्याने खुर्ची पुढे ओढली. "मामा, मी तुम्हाला बोललो होतो. जुनी गाणी घातली की मशीन तोच आवाज बनवून देतं. तुम्ही काहीही गा, बाहेर जुनाच येईल. मी नमुना करून ठेवलाय."

त्याने मोबाइलवर तो लावला. मी खोटं लिहिणार नाही. नमुना चांगला होता. तार षड्ज लख्ख लागला होता. भाऊ मान खाली घालून ऐकत होते, आणि संपल्यावर त्यांनी भाच्याला विचारलं, "हाऊ कधी गायनू मी?"

"नाही गायलात मामा. तेच तर."

आबा म्हणाले, "चांगलं आहे. लावा हेच. पण मग हळदीला मामांना बोलावू नका, मोबाइल बोलवा."

"आबा, हसण्यावारी नेऊ नका," भाचा म्हणाला. "सीझनची बोलणी सुरू आहेत. लोक विचारतात, भाऊंचं नवीन काय आहे. नाही चाललं, तर मला चॅनलवर दुसरा गायक आणावा लागेल. मामांनीच सांगितलंय मला."

हे खरं होतं. भाऊंनी ते स्वतः सांगितलं. हे गाणं जमलं तर गायचं, नाही तर या लगीनसराईपासून गाणं सोडून बसायचं, असं त्यांनी घरी बोलून ठेवलं होतं. घरी शेती होती. खायची भ्रांत नव्हती. "पन मंडपमा मी दुसरानं गानं ऐकत बसू का?" ते म्हणाले. "मी लगीनले जाऊच नही मंग."

आबा उठून कोपऱ्यात गेले. मग पेटी काढली. ती त्यांच्याकडे होती हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी काळी एकचा सूर धरला. "यात गा."

भाऊंनी पेटीकडे पाहिलं. "बठ्ठा खान्देशले माहीत शे, मी काळी चारले गास. इतलं खाले? लोके काय म्हनतीन?"

"खान्देशाला नंतर विचारू. आत्ता मला गाऊन दाखवा."

भाऊंनी मुखडा गायला, अनिच्छेने, बसल्याबसल्या. मला संगीतातलं कळत नाही, पण खोलीत आवाज आहे एवढं कळलं. हवा नव्हती. घोगरा, थोडा रुंद, वयाला शोभणारा आवाज होता. भाचा म्हणाला, "मामा, हे भजन वाटतं. याच्यावर नाचणार कोण?"

आबांनी मला विचारलं, "साहेब, काळी एक म्हणजे किती?"

त्यांच्या भिंतीवर तक्ता होता. मी वाचला. एकशेअडतीस पूर्णांक सहा.

"तिप्पट करा."

चारशेपंधरा पूर्णांक आठ.

"आता काळी चारचा तार षड्ज बघा."

चारशेपंधरा पूर्णांक तीन. अर्ध्या हर्ट्झचा फरक. मी गुणाकार पुन्हा करून पाहिला.

आबा भाऊंकडे वळले. "तुमचा वरचा सा या खालच्या सामध्ये आहे. बारीक आहे. मी तो थोडा मोठा करू शकतो. असलेलं वाढवता येतं. तुम्ही वर चढून तो आणायला जाऊ नका."

याचा अर्थ जुना आवाज परत येईल असा नव्हता, आणि आबांनी तसं आश्वासनही दिलं नाही. चाल खालीच राहणार होती. भाऊंनी पेटीवर बोट ठेवून काळी एकचा सूर पुन्हा ऐकला. मग भाच्याला म्हणाले, "ढोलवालासले फोन लाव. नवी पट्टीमा वाजाडनं पडी." भाचा फोन घेऊन बाहेर गेला. त्याला पटलेलं नव्हतं.

गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं. आबांनी गळ्याचे वेगळे चार पट्टे पाडले. तळ जवळजवळ कापला, मधल्या पट्ट्याला त्यांच्या हिशेबाने भरपूर आच दिली, श्वास जिथं होता तो वरचा पट्टा गारच ठेवला. मी बटणाजवळ बसलो आणि आबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी त्यांचं एकही उत्तर चुकलं नाही, आणि मला वाटतं, मलाही फरक ऐकू आला. आच लावली की भाऊ स्पीकरच्या थोडे पुढे येऊन उभे राहिल्यासारखे वाटत. मी तसं म्हटल्यावर आबांनी मागे वळून माझ्याकडे संशयाने पाहिलं.

मेहुण्याच्या खळ्यात इंजिन बंद ठेवून आणि चालू करून ते गाणं ऐकलं तेव्हा भाऊ ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला टेकून उभे होते. संपल्यावर म्हणाले, "हाऊ मना आवाज नही शे."

"मग कोणाचा आहे?" आबांनी विचारलं.

भाऊंनी विचार केला. "मनाच शे. पन मी आज ऐका पहिल्यांदा."

मेहुण्याने इंजिन बंद केलं आणि पुन्हा लावा म्हणाला. डिझेलचं त्या दिवशी त्याने काढलं नाही.

गाणं मोबाइलवर गेलं. फार गाजलं असं मी म्हणणार नाही. भाऊंच्या जुन्या गाण्यांइतकं ऐकलं गेलं नाही, हे भाच्याने दाखवलेल्या आकड्यांवरून मला माहीत आहे. पण हळदीच्या सुपाऱ्या आल्या आणि भाऊंना प्रत्यक्ष मंडपात उभं राहून गायची वेळ आली. त्यांनी आबांना गळ घातली की पहिल्या कार्यक्रमाला या. मंडपात चार पट्टे नसतात, तिथं मी काय करणार, असं आबा म्हणाले आणि आले. मीही गेलो. अमळनेरच्या पुढचं गाव होतं. उन्हं उतरली होती आणि मंडपात हळद लावायचं चाललं होतं.

आधी साऊंडवाल्याने भाऊंची जुनी गाणी लावली, त्यावर पोरं नाचली. मग भाऊ उभे राहिले. ढोल सुरू झाला आणि त्यांनी नवीन गाण्याचा मुखडा धरला, काळी एकमध्ये. नाच थांबला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण, ऐकू येईल एवढ्या आवाजात, म्हणाली, "भाऊनी तब्येत बरी नही शे का?" भाऊंनी डोळे मिटले आणि पुढची ओळ म्हटली. भाचा माझ्याशेजारी मोबाइलकडे बघत बसला होता. आबा मांडीवर हात ठेवून बसले होते आणि त्यांचा अंगठा गुडघ्यावर ढोलाबरोबर हलत होता.

धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा मागे, जेवणाच्या पंगतीशी उभ्या असलेल्या पुरुषांतून कोणीतरी भाऊंबरोबर गायला लागलं. मग तिथलाच आणखी एक. भाऊंच्या जुन्या गाण्यांत पुरुषांना गाता येत नसे, तिथपर्यंत गळे पोचत नसत. ते नुसते टाळ्या वाजवत. हे त्यांच्या पट्टीत होतं. पुढच्या धृपदाला वाढपी हातात बादल्या घेऊन गात होते आणि नवरदेवाचे मामा हळदीच्या हातांनी ताल धरून गात होते. बायका एक सप्तक वरून मिसळल्या.

"तीनशे हर्ट्झला सगळे गळे एकात एक, नुसता चिखल झालाय," आबा माझ्या कानात म्हणाले. आणि ते उठून साऊंडवाल्याच्या टेबलाकडे गेले. काही कमी-जास्त बोलतील या धास्तीने मीही मागोमाग गेलो.

साऊंडवाला त्यांना ओळखत होता. "आबा, लोकांच्या आवाजात भाऊंचा दबतोय," तो म्हणाला. "वाढवू का?"

 आबांनी भाऊंच्या माइकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर एक बोट ठेवलं आणि ते थोडं खाली ओढलं.

भाऊंना ते स्टेजवर कळलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते हाताने आवाज वाढवायची खूण करतील. त्यांनी माइक छातीशी धरला आणि पुढची ओळ गायलीच नाही, उभे राहून ऐकली. ती मंडपाने काळी एकमध्ये, थोडी बेसूर, शेवटपर्यंत म्हटली.